सायकलचा रस्ता किती पाण्यात आहे, ते चौकात कळतं : पुणेकरांसाठी तपासणीची पद्धत

पुण्यात सायकल ट्रॅक किती किलोमीटर झाले, याची चर्चा पुष्कळ होते. त्यातले किती किलोमीटर वापरता येतात, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. चार किलोमीटरचा मार्ग उत्तम असेल आणि मधल्या एका चौकात जीव मुठीत धरावा लागत असेल, तर आई मुलाला सायकलवर शाळेत पाठवत नाही. म्हणून ही तपासणी करताना एकच नियम धरायचा: मार्गाची किंमत त्याच्या सर्वांत वाईट ठिकाणावरून ठरते. सरासरी काढायची नाही.

हे काम कुणालाही जमतं. पाच मीटरची टेप, वही, मोबाइल आणि सोबतीला एक माणूस एवढं पुरे.

आधी ठरवा: कुणासाठी तपासताय?

गिअरची हलकी सायकल आणि हेल्मेट घेऊन पहाटे सिंहगडला जाणारा माणूस जवळपास कुठल्याही रस्त्यावरून निभावून नेतो. त्याच्या नजरेनं मार्ग तपासला तर सगळंच बरं दिसेल. तपासायचं ते बारा वर्षांच्या मुलीसाठी, हँडलला पिशव्या लावून धुण्याभांड्याच्या कामाला निघालेल्या बाईसाठी आणि रात्रपाळीच्या वॉचमनसाठी. शक्य असेल तर साधी, बिनगिअरची सायकलच वापरा. चढ, खड्डे आणि उंचवटे तिच्यावर खरे कळतात.

मार्गही खराखुरा निवडा. घर ते शाळा, वस्ती ते मंडई, स्टेशन ते ऑफिस असा तीन ते पाच किलोमीटरचा. त्याचे चौक ते चौक तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला व प्रत्येक चौकाला वहीत वेगळं पान द्या. सकाळच्या शाळा-ऑफिसच्या वेळी एकदा, संध्याकाळी गर्दीत एकदा आणि रात्री दहानंतर एकदा जा. पावसाळ्यात आणखी एक फेरी हवीच, कारण पाणी कुठे साचतं हे मे महिन्यात दिसत नाही.

सायकल चालवताना मोबाइल हातात घेऊ नका. टेप लावायची ती ट्रॅकवर किंवा फुटपाथवर, वाहत्या रस्त्यात उतरून नाही.

दोन चौकांमधला रस्ता

रुंदीपासून सुरुवात करा. आपल्याकडच्या रस्ता-रचनेत एकेरी सायकल ट्रॅकला किमान 2 मीटर आणि दुहेरीला 3 मीटर हा प्रचलित निकष आहे. साध्या सायकलचं हँडल साठ-पासष्ट सेंटिमीटरचं असतं, पण चालवणारा थोडा डुलत जातो, म्हणून एका माणसाला साधारण मीटरभर जागा लागते. 2 मीटरमध्ये एक जण दुसऱ्याला ओलांडू शकतो, त्याहून कमी असेल तर नाही. मोजायची ती निव्वळ रुंदी. म्हणजे डीपी बॉक्स (विजेच्या जोडण्यांची पेटी), झाडाचा बुंधा, विजेचा खांब, लावलेल्या दुचाकी हे सगळं वगळून चाक प्रत्यक्षात जिथून जातं तेवढीच. तुकड्यातला सर्वांत अरुंद आकडा लिहा.

मग सोसायट्यांची आणि दुकानांची गेटं बघा. इथे जरा थांबून, खाली वाकून बघा, कारण ट्रॅक रिकामे राहण्याचं मोठं कारण इथेच आहे. फाटकापाशी ट्रॅक खाली उतरतो, चारचाकीला सपाट वाट देतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. चढताना पेव्हर ब्लॉकच्या कडेला काँक्रीटचा ओठ राहिलेला असतो. त्याची उंची मोजा. तीन-चार सेंटिमीटरचा ओठसुद्धा पुढच्या चाकाला दणका देतो, आणि अशी दहा फाटकं ओळीनं आली की माणूस ट्रॅक सोडून रस्त्यावर येतो. त्याला बेशिस्त म्हणण्यात अर्थ नाही. योग्य रचनेत ट्रॅक एकाच पातळीवर सरळ जातो आणि गाडी त्यावर चढून उतरते. वेग गाडीनं कमी करायचा असतो. एका तुकड्यात अशी चढउतार किती, ते मोजून लिहा.

चेंबरचं झाकण वर आलंय का, की खाली गेलंय? पावसाळी गटाराच्या जाळीच्या फटी कुठल्या दिशेला आहेत? फटी सायकलच्या दिशेनं लांब असतील तर बारीक टायर त्यात अडकतो. आडव्या असतील तर चालतं. दुचाकी घुसू नयेत म्हणून लावलेल्या बोलार्डमधून, म्हणजे बुटक्या खांबांमधून, मालवाहू तीनचाकी सायकल जाते का, हेही बघा.

प्रत्येक रस्त्याला वेगळा ट्रॅक लागतोच असं नाही. पेठांमधल्या गल्ल्यांत वाहनं तीसच्या आत चालतात. तिथे सायकल सगळ्यांबरोबर जाऊ शकते. अमेरिकेत 2012 साली मांडलेली एक पद्धत रस्त्यांना 'ताणा'च्या चार पातळ्या देते. पहिलीवर लहान मूलही निर्धास्त जातं, चौथीवर फक्त धीट माणूस टिकतो. रस्ता रुंद, लेन जास्त आणि वाहनं वेगवान, तसा ताण वाढतो. तुमच्या प्रत्येक तुकड्याला एक ते चार आकडा द्या. सोलापूर रस्ता किंवा गणेशखिंड रस्ता आणि शनिवार पेठेतली गल्ली एका मापानं मोजता येत नाहीत, हे तेव्हा लगेच दिसतं.

चौक : इथे जास्तीत जास्त वेळ द्या

ब्रिटनच्या 2020 सालच्या सायकल-रचना मार्गदर्शिकेत चौक तपासण्याची जी रीत आहे, ती आपल्याकडे फार उपयोगी पडते. चौकाचा नकाशा काढा. चार रस्ते मिळत असतील तर प्रत्येक रस्त्यावरून डावीकडे, सरळ आणि उजवीकडे अशा तीन, म्हणजे एकूण 12 हालचाली होतात. प्रत्येकीला बाण काढा आणि गुण द्या. साधारण माणसालाही नको इतका धोका वाटेल तिथे 0, सावध माणूस जाऊ शकेल तिथे 1, लहान मूल जाईल तिथे 2. शून्याला लाल, एकला पिवळा, दोनला हिरवा रंग द्या. एकेरी रस्त्यामुळे एखादी हालचाल बंद असेल तर तीही नोंदवा. फर्ग्युसन कॉलेज (एफसी) आणि जंगली महाराज (जेएम) हे दोन्ही रस्ते एकेरी आहेत, तिथे सायकलला किती वळसा पडतो हा वेगळा मुद्दा आहे.

सरळ जाणाऱ्याला धोका असतो तो डावीकडे वळणाऱ्या वाहनाचा. बस किंवा डंपर बाजूनं पुढे येतो आणि सायकलच्या पुढ्यातच डावीकडे वळतो. चौकाचा कोपरा जितका गोल आणि मोकळा, तितकं वाहन वेगात वळतं. कोपऱ्याला लेफ्ट फ्री, म्हणजे डावीकडे वळायची कायम मोकळीक, असेल तर सिग्नल लाल असतानाही ही रहदारी थांबत नाही. अशा कोपऱ्यावर सरळ जाणाऱ्या सायकलला सुरक्षित वाट आखलेली नसेल, तर मी एकही गुण देणार नाही.

उजवं वळण सगळ्यांत अवघड. डाव्या कडेनं येणाऱ्या सायकलला दोन-तीन लेन ओलांडून मध्ये यावं लागतं का? की आधी सरळ पलीकडे जाऊन, तिथे थांबून, पुढचा सिग्नल सुटला की निघता येतं? दुसरी रीत चांगली, पण थांबायला जागा हवी. ती जागा दुचाकींनी भरलेली असते का, हे गर्दीच्या वेळी पाच सिग्नल उभं राहून बघा.

आता सिग्नलची वेळ. थांबरेषेपासून पलीकडच्या कडेपर्यंत 36 मीटर अंतर आहे असं धरा. ताशी 12 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वातीन मीटरच्या आसपास. ओलांडायला अकरा सेकंद लागतात. हिरव्याच्या अगदी शेवटच्या क्षणी कुणी शिरलं आणि पिवळा तीन सेकंद राहिला, तर तेवढ्यात सायकल जेमतेम दहा मीटर जाते. आडव्या बाजूचा सिग्नल लगेच सुटत असेल तर उरलेले सव्वीस मीटर ती आडव्या रहदारीत सापडते. मोबाइलवरच्या स्टॉपवॉचनं पिवळा किती सेकंद, त्यानंतर सगळ्या बाजू लाल किती सेकंद, हे मोजा. या वेळा वाढवणं ही चौक खोदल्याशिवाय करता येण्यासारखी दुरुस्ती आहे, म्हणून हा आकडा वहीत हवाच.

उड्डाणपुलाचं तोंड जिथे खालच्या रस्त्याला मिळतं, ते ठिकाण चौक नसलं तरी चौकासारखंच तपासा. पुलावरून वेगात उतरलेल्या गाड्या डावीकडे घुसतात आणि नेमक्या तिथे सायकल सरळ जात असते.

एक गोष्ट आवर्जून नोंदवा: लोक उलट्या बाजूनं सायकल कुठे चालवतात? राँग साइड धोकादायक आहेच. पण डिव्हायडरमध्ये लांबवर कुठेच फट नसेल, तर पलीकडे जायला माणसाला मोठा वळसा घ्यावा लागतो. जिथे पुष्कळ जण उलटे येतात, तिथे ओलांडण्याची सोय हवी आहे, हे रस्ताच सांगत असतो.

ट्रॅक संपतो कुठे, हेही लिहा. चौकाच्या पन्नास मीटर आधी ट्रॅक संपून सायकल सरळ बसथांब्यात शिरत असेल तर तो तुकडा लालच. रात्रीच्या फेरीत दिव्यांच्या खाली फांद्यांची सावली कुठे पडते ते बघा. एकट्या बाईला तिथे थांबावं लागेल का, हे एखाद्या बाईला सोबत नेऊनच ठरवा.

नोंदी पुढे कुठे न्यायच्या

नकाशावर लाल जागा आधी रंगवा आणि प्रत्येकीची एकच ओळ लिहा: ठिकाण, दोष, आकडा, हवी ती दुरुस्ती. 'ट्रॅक खराब आहे' या तक्रारीचं काही होत नाही. 'अमुक शाळेच्या फाटकापाशी 5 सेंटिमीटरचा ओठ, उतार करून द्यावा' यावर कनिष्ठ अभियंता माणूस पाठवू शकतो. फोटोत टेप दिसू द्या.

बांधकामाचे दोष महापालिकेच्या पथ विभागाकडे आणि क्षेत्रीय कार्यालयाकडे, सिग्नलच्या वेळा आणि पार्किंगची कारवाई वाहतूक पोलिसांकडे. महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर तक्रार टाकली की तिचा क्रमांक जपून ठेवा. पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. उतार, जाळ्या बदलणं, बोलार्ड हलवणं अशी छोटी कामं तिथे सुचवता येतात. महापालिकेनं 2017 साली मंजूर केलेला सायकल आराखडा अर्जात नमूद करा, म्हणजे मागणी तुमची एकट्याची राहत नाही.

दुरुस्ती झाली की त्याच जागी पुन्हा टेप लावा, आणि पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावर आणखी एकदा.