फराळाच्या ऑर्डरी आणायच्या असतील तर मोबाईलवर काय टाकायचं आणि कधी

मी आणि माझी मोठी जाऊ, आम्ही दोघी पुण्यात घरूनच दिवाळीचा फराळ करून विकतो. सुरुवातीला मोबाईलवर आम्ही काय नाही केलं, रोज सकाळी शुभ सकाळ, प्रत्येक सणाला शुभेच्छांचं कार्ड, आणि सोऱ्यातून चकली पडतानाचं एक रील तर इतकं चाललं की घरातले सगळे खूश, पण कमेंटमध्ये सगळे विचारत होते भजणीचं प्रमाण, बघणारे कुठल्या कुठल्या गावचे, आणि त्यातून ऑर्डर एकही आली नाही. त्याच आठवड्यात जाऊबाईंनी वहीच्या पानावर पेनाने चकली, करंजी, लाडू, चिवडा असे दर लिहिले, खाली ऑर्डरची शेवटची तारीख लिहिली आणि त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला. संध्याकाळपर्यंत फोन थांबेना.

तेव्हा कळलं की बघणारा माणूस वेगळा आणि पैसे देणारा माणूस वेगळा. पैसे देणाऱ्याच्या मनात एक-दोन प्रश्न अडकलेले असतात, ते सुटले की तो ऑर्डर देतो. तुमची प्रत्येक पोस्ट त्यातला एक प्रश्न सोडवणारी पाहिजे, बाकी सगळं नंतर. मी इथे फराळाचं सांगतेय कारण तेच मला नीट माहिती आहे, पण ब्लाऊज शिवणाऱ्या, मेहंदी काढणाऱ्या, डबा देणाऱ्या कुणालाही हेच लागू पडेल.

आधी वही घ्या आणि जुने चॅट उघडा

पोस्ट काय टाकू, काय टाकू असा विचार करत बसू नका. गेल्या वर्षी ज्यांनी विचारलं होतं त्यांचे मेसेज वर सरकवत वाचा आणि प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा वहीत उतरवा, त्यांच्याच शब्दांत. आमच्या वहीत निघालेले बघा: किलोला किती? अर्धा किलो मिळेल का? तेल कुठलं वापरता? भजणी घरची का विकतची? करंजीत ओलं खोबरं का सुकं? किती दिवस टिकेल? आईला शुगर आहे, बिनसाखरेचं काही आहे का? कोथरूडला पोचवाल का? मुलगी अमेरिकेत आहे, तिकडे पाठवता का? आणि सगळ्यात महत्त्वाचा, जो फार कमी जण तोंडाने विचारतात, तो म्हणजे तुमचं स्वैपाकघर कसं आहे.

हे झाले तुमचे विषय. एका प्रश्नाला एक पोस्ट. तेलाचा प्रश्न असेल तर तेलाचा डबा ओट्यावर ठेवून नाव दिसेल असा फोटो, आणि खाली लिहा की तळलेलं तेल पुढच्या दिवशी आम्ही वापरत नाही, पण खरंच वापरत नसाल तरच. भजणीचा प्रश्न असेल तर तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ वेगवेगळं भाजतानाचा आणि शेवटी धने-जिरे पडतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, त्याला गाणं नको, भाजण्याचा आवाजच असू दे आणि तुमच्या आवाजात दोन वाक्यं. (बिझनेस अकाऊंटला इन्स्टाग्राम सगळी गाणी वापरू देत नाही, त्यामुळे तसाही स्वतःचा आवाज बरा.) प्रमाण सांगायचं का हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी सांगते, कारण ज्याला घरी करायचं आहे तो आपलं गिऱ्हाईक नाहीच.

अनारशाचं तर सोनंच आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाळवून कुटून गूळ घालून ते पीठ मुरत ठेवायचं, हे सगळं रोज एक फोटो टाकून दाखवलं की किंमत जास्त का असा प्रश्नच येत नाही, लोकांना ती मेहनत दिसते. आमच्याकडे दराबद्दलची घासाघीस सगळ्यात कमी अनारशालाच होते आणि त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

स्वैपाकघराच्या प्रश्नाला शब्दांनी उत्तर देऊ नका. ओटा, झाकलेले डबे, डोक्याला बांधलेला रुमाल, एवढं दिसू दे. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची) नोंदणी करून घ्या, घरगुती असलं तरी लागतेच, आणि तो 14 आकडी नंबर पाकिटाच्या लेबलवर आणि प्रोफाइलवर टाका. अनोळखी माणूस तुमच्या हातचं खाणार आहे, त्याला भरवसा वाटायला पाहिजे, तो आपलाच धर्म आहे.

तारखा उलट्या मोजायच्या

इथे सगळ्यात जास्त जण चुकतात. दिवाळीच्या आठ दिवस आधी जोरात पोस्ट सुरू करतात, तोपर्यंत लोकांचं ठरलेलं असतं. आणि गेल्या वर्षीच्या तारखा धरून चालू नका. 2025 ला लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, 2026 ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे गेले आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आलं, म्हणजे जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक. कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घ्या.

आता 2026 चंच उदाहरण धरून 8 नोव्हेंबरपासून मागे या. अभ्यंगस्नान झालं की फराळ पानात पाहिजे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी तो 5-6 तारखेपर्यंत पोचायला हवा. त्याआधी आपल्याला करायला दहाएक दिवस, म्हणजे गावातल्या ऑर्डरी 25 ऑक्टोबरला बंद. परदेशच्या पार्सलला वाटेत वेळ लागतो, कस्टममध्ये अडकलं तर आणखी, म्हणून त्या ऑर्डरी आम्ही दसऱ्याच्या आधीच बंद करतो, दसरा 20 ऑक्टोबरला आहे. मग परदेशवाल्यांसाठीच्या पोस्ट कधी? गणपतीत. 14 सप्टेंबरला गणपती बसतात, त्या दिवसांत सगळ्यांचे तिकडच्या मुलांशी व्हिडिओ कॉल चालू असतात, आठवणी निघालेल्या असतात, तेव्हाच “मुलाला फराळ पाठवायचा असेल तर आत्ता सांगा” ही पोस्ट जाते.

गणपतीनंतर पितृपक्ष, 10 ऑक्टोबरपर्यंत. त्यात बरेच जण नवीन खरेदीचं बोलत नाहीत, आमच्याकडे ऑर्डरी येतच नाहीत म्हटलं तरी चालेल, तर त्या पंधरवड्यात ऑर्डर द्या ऑर्डर द्या करू नका, तेव्हा भाजणं, दळणं, डबे धुणं हे दाखवा. 11 ऑक्टोबरला घट बसले की त्याच दिवशी दरपत्रक टाका. तिथून 25 पर्यंत दोन आठवडे, हीच खरी कमाईची वेळ, तेव्हा रोज एक पोस्ट आणि तीन-चार स्टेटस एवढं पाहिजेच, बाकी वर्षभर आठवड्याला दोन केल्या तरी पुरे.

अजून एक हिशोब आधी करा, तो म्हणजे आपल्याला किती ऑर्डरी झेपतात. समजा दोघी मिळून दिवसाला 6 किलो चकली होते आणि दहा दिवस हातात आहेत, तर झाली 60 किलो. घरटी एक किलो धरली तर आपल्याला साठ घरं पाहिजेत. फक्त साठ! हजारो लोकांनी बघायची गरजच नाहीये, साठ घरांपर्यंत नीट पोचायचं आहे, आणि ती घरं बहुतेक आपल्या दोन-चार किलोमीटरातच असतात. हे एकदा डोक्यात बसलं की लाईकची काळजी आपोआप जाते.

दर लिहा, लपवू नका

“प्राइससाठी डीएम करा”, म्हणजे दर हवा तर खासगी मेसेज करा, हे मला अजिबात पटत नाही. विचारायला लाजणारे खूप असतात, दर जास्त निघाला तर नाही कसं म्हणायचं म्हणून ते विचारतच नाहीत. सरळ लिहा. आमची पोस्ट साधारण अशी असते, आकडे तुमचे तुम्ही घाला:

“घरच्या भजणीची चकली, शेंगदाणा तेलातली. अर्धा किलो 280, एक किलो 550. कोथरूड, कर्वेनगर, वारज्यात घरपोच, बाकी ठिकाणी रिक्षा किंवा पोर्टर ॲपचे पैसे वेगळे. हवाबंद डब्यात तीन आठवडे छान राहते. ऑर्डर 25 ऑक्टोबरपर्यंत, निम्मे पैसे आधी. खालच्या नंबरवर फक्त ‘चकली’ लिहून पाठवा.”

ते शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. माणसाला पुढे काय करायचं ते एकच काम सांगा, आणि सोप्पं सांगा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये शॉर्ट लिंक मिळते, तिच्यात मेसेज आधीच लिहून ठेवता येतो, ती इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये टाका, दाबलं की थेट चॅट उघडतं.

परदेशच्या पोस्टमध्ये वजनाचं समजावून सांगा, कारण तिथे भांडणं होतात. कुरिअरवाले खरं वजन आणि खोक्याच्या मापावरून काढलेलं वजन यातलं जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. 40 बाय 30 बाय 25 चा खोका म्हणजे 6 किलो, मग आत चिवडा भरून तो चारच किलो भरला तरी. चिवडा हलका पण जागा खातो, लाडू जड पण कमी जागेत बसतात, हे एका फोटोत दाखवलं की गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं चिवडा थोडा कमी करा. अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली ड्यूटीची (आयात कराची) सूट काढली, तेव्हा तिकडच्या खर्चाचा आकडा पोस्टमध्ये छापण्याआधी दर वर्षी कुरिअरवाल्याकडून नव्याने विचारून घ्या.

कुठे टाकायचं हे पटकन सांगते. स्टेटस सगळ्यात आधी, पण ते 24 तासांत जातं आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच दिसतं, म्हणून प्रत्येक डब्यावरच्या चिठ्ठीत “हा नंबर सेव्ह करा, पुढच्या वेळचे दर स्टेटसला येतील” असं लिहा. ब्रॉडकास्टचंही (एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायचा) तसंच, नंबर सेव्ह नसेल तर मेसेज पोचतच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर ॲडमिनला विचारून एकदाच टाका, रोज टाकलं तर लोक वैतागतात आणि नाव खराब होतं. इन्स्टाग्रामला दरपत्रक वर पिन करा, पोचवण्याचा भाग आणि परदेशचं पार्सल असे हायलाइट (प्रोफाइलवर कायम राहणाऱ्या स्टोरी) करा. गुगलवर बिझनेस प्रोफाइल फुकट होतं, घरचा पत्ता लपवून नुसता भाग दाखवता येतो, तेही करून ठेवा.

मेसेज आला की

पोस्टने फक्त दार वाजतं. आमच्या निम्म्या ऑर्डरी आधी इथेच बुडायच्या, हात पिठात, मेसेज दुपारी बघितला, तोपर्यंत त्या बाईने दुसरीकडे सांगितलेलं असायचं. आता व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय (आधीच लिहून ठेवलेली उत्तरं) करून ठेवलेत, दर, भाग, खाते, तीन वेगळे, घरातलं कुणीही पाठवू शकतं. आणि उत्तर देताना उलट एक प्रश्न विचारायचा, “घरात माणसं किती, पाहुणे येणार आहेत का?” त्यावरून आपणच सांगायचं की तुम्हाला चकली एक किलो आणि करंज्या पंचवीस पुरतील. माणसाला ठरवायला मदत झाली की ऑर्डर पक्की होते, आणि उगाच जास्त गळ्यात मारायचं नाही, फराळ उरून खवट झाला तर ती बाई पुढच्या वर्षी येत नाही.

निम्मे पैसे यूपीआयने आले की मगच वहीत नाव. ओळखीचे असले तरी. विचारलंय, पैसे आले, पोचवलं अशी तीन लेबलं चॅटला लावा. “विचारलंय” वाल्यांना 23 तारखेला एकच मेसेज, “काकू, परवा ऑर्डरी बंद करतेय, तुमचं धरू का?” बस, त्यापुढे मागे लागायचं नाही. आणि 25 ला खरंच बंद करा. एकदा तारीख सांगून पुढे घेत राहिलात तर पुढच्या वर्षी तुमची तारीख कुणी मनावर घेणार नाही.

प्रत्येक ऑर्डरीला एवढं विचारा, “कुठे बघितलंत?” आणि वहीत रेघ मारा: स्टेटस, सोसायटी ग्रुप, इन्स्टा, कुणीतरी सांगितलं. दिवाळी झाली की रेघा मोजा. आमच्या वहीत रीलच्या नावापुढे अगदी मोजक्या रेघा होत्या आणि “कुणीतरी सांगितलं” समोर ओळ भरलेली, तेव्हापासून आम्ही रीलवर घालवायचो तो वेळ जुन्या गिऱ्हाइकांना डब्यासोबत मूठभर कडबोळी चवीला द्यायला वापरतो, आणि त्याचाच फोटो त्या स्वतः स्टेटसला ठेवतात.

त्यांच्या कौतुकाच्या मेसेजचा स्क्रीनशॉट टाकायचा असेल तर आधी विचारा, नाव आणि नंबर झाका. दुसऱ्यांचे फोटो उचलू नका, गुगलवरची सुबक करंजी दाखवून आपली साधी करंजी दिली तर लोकांचं मन मोडतं. आपली चकली जरा वाकडी असली तरी तिचाच फोटो.

भाऊबीज 11 नोव्हेंबरला. त्यानंतर दोन दिवस विश्रांती घ्या, मग प्रत्येकाला नावानिशी वेगळा मेसेज करा, सगळं नीट पोचलं का, काय आवडलं, काय कमी पडलं. जे सांगतील ते त्याच वहीत लिहा, पुढच्या वर्षीच्या पहिल्या पोस्ट तिथूनच निघतात. आणि कुणी म्हणालं की गूळपोळी करता का संक्रांतीला, तर त्यांच्या नावापुढे आत्ताच लिहून ठेवा.