एकीकडं प्रवेश मिळाला की दुसरीकडचा जातो का? या चुका टाळा

डिसेंबरचा मध्य आला की माझा फोन रात्री अकरानंतर वाजायला लागतो. मी पोरांना परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी मार्गदर्शन करतो, आणि अमेरिकेतल्या ‘अर्ली’ अर्जांचे, म्हणजे नेहमीच्या फेरीआधी केलेल्या अर्जांचे, निकाल तेव्हा लागतात. पलीकडं कुणाचे तरी बाबा असतात आणि प्रश्न ठरलेला असतो. "सर, पोराचं तिकडं झालं. खरं आता ते दुसरे लोक घेतील न्हवं? का यांच्याकडं झालं म्हणून नको म्हणतील?" कधी तोच प्रश्न उलटा होऊन येतो. "यांनी घेतलंय म्हटल्यावर ते सोडतील कसे, सर?"

दोघांनाही मी एकच सांगतो: एका विद्यापीठानं काय ठरवलं ते दुसऱ्याला माहीतच नसतं. कॉमन ॲपवर, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या एकत्रित अर्जाच्या वेबसाइटवर, वीसपर्यंत अर्ज करता येतात, पण त्यातल्या एका विद्यापीठाला तुमची बाकीची यादी दिसत नाही. युकास म्हणजे ब्रिटनची तशीच एकत्रित अर्जाची व्यवस्था, त्यात पाच पर्याय भरता येतात. तिथंही तुम्ही ऑफरना उत्तर देईपर्यंत एकाला बाकीचे चार कळत नाहीत. हार्वर्डनं घेतलेलं पोर येलही घेतं तेव्हा येलनं हार्वर्डकडं पाहिलेलं नसतं. पोर तेच, मार्क तेच, निबंध तोच. आणि येल घेत नाही तेव्हाही हार्वर्डचा त्यात हात नसतो.

हा गैरसमज येतो कुठून, तेही मला ठाऊक आहे. आपल्याकडं एका कॉलेजात ओरिजिनल मार्क्स कार्ड आणि टीसी जमा केली की दुसरं दार बंद. २०१५ पासून आयआयटी आणि एनआयटीच्या जागा जोसा ही जागावाटपाची संस्था एकत्र वाटते, एकाला एकच. आयआयटीची जागा एकदा स्वीकारली की पुढच्या वर्षी जेईई ॲडव्हान्स्डला बसता येत नाही. पण इथंही नीट बघा की! दार बंद होतं ते जागा स्वीकारल्यावर, मिळाल्यावर नव्हे. आपल्या सीमाभागातली पोरं कर्नाटकची सीईटी देतात आणि महाराष्ट्राचीही देतात. बेंगळुरूच्या रँकमुळं कुणाची कोल्हापूरची जागा गेली, असं ऐकलंय कधी? मिळणं वेगळं, घेणं वेगळं. एवढं डोक्यात बसलं तर खालच्यातल्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

पहिली चूक: एकाचं नाव सांगून दुसऱ्याला घाई करणं

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री असलेले एक गृहस्थ. मुलगा हुशार, मेहनती, जरा लाजाळू. डिसेंबरात त्याला एका मोठ्या विद्यापीठाचा अर्ली प्रवेश मिळाला, आणि तोही बंधनकारक नसलेला, म्हणजे मिळाला तरी तिथंच जायला हवं असं नाही. घरोघरी कुंद्याचे बॉक्स गेले, मलाही आला. इथवर सगळं छान. मग वडिलांच्या मनात आलं की प्रतिस्पर्धी विद्यापीठालाही कळवून टाकावं. धंद्यात असंच चालतं ना? एका गिऱ्हाइकाची ऑर्डर आली की दुसऱ्याला सांगायचं, "घेणार असाल तर लवकर बोला." मुलाच्या नावानं त्यांनीच ईमेल लिहिलं: अमुक विद्यापीठानं मला निवडलं आहे, तरी आपला निर्णय लवकर कळवावा. मला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तिथंच पुसलं असतं.

दोन ओळींचं छापील उत्तर आलं: निर्णय ठरलेल्या दिवशी कळेल. मार्चअखेर नकार आला. तेव्हापासून त्यांच्या दोन थिअऱ्या आहेत. सकाळी म्हणतात, "त्या ईमेलमुळं गेलं." संध्याकाळी म्हणतात, "जळतात ओ ते एकमेकांवर." माझ्या मते दोन्ही चूक. अशा विद्यापीठांना सगळ्या जागा दोनदा भरता येतील इतके लायक अर्ज येतात, आणि नाही म्हणायला त्यांना कारण लागत नाही. ईमेलनं घात झाला असं मी म्हणत नाही. पण त्याच आठवड्यात मुलाला राज्य पातळीवरच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं, ते कळवायचं राहून गेलं. कळवायची गोष्ट ती होती.

काही लहान खासगी कॉलेजं ‘हा मुलगा खरंच येईल का’ याचा विचार करतात, कारण घेतलेल्यांपैकी किती जण येतात हा आकडा त्यांना सांभाळायचा असतो. तिथं तर दुसऱ्याच्या ऑफरची बढाई म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

माझी सवय सांगतो. विद्यापीठाला जाणारं प्रत्येक ईमेल पोरानं लिहायचं, एक रात्र ड्राफ्टमध्ये ठेवायचं आणि सकाळी मोठ्यानं वाचायचं. वाचताना लाज वाटली तर पाठवायचं नाही.

दुसरी चूक: दोन दगडांवर दोन ‘अर्ली’

इथं मात्र एक अर्ज दुसऱ्याला खरोखर मारतो, आणि तोही निकालाच्या आधी. कोलंबिया, ब्राउन, कॉर्नेल, पेन, डार्टमथ यांचं ‘अर्ली डिसिजन’ बंधनकारक असतं. मिळालं की बाकीचे अर्ज मागं घ्यायचे. मिळालेल्या आर्थिक मदतीत खर्च पेलतच नसेल तरच सुटका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचं अर्ली बांधून ठेवत नाही, पण त्या फेरीत दुसऱ्या खासगी अमेरिकी विद्यापीठाकडं अर्ली अर्ज करायचा नाही, अशी अट असते. ब्रिटनला किंवा भारतात अर्ज करायला त्यांची हरकत नाही.

निपाणीच्या एका मुलीला पुण्याच्या एजंटानं सांगितलं, "दोन्ही टाकू, एक तरी लागेल." बंधनकारक करारावर मुलगी, पालक आणि शाळा अशा तिघांच्या सह्या लागतात. वडिलांनी न वाचता केली. प्राचार्यांनी बोनाफाइडवर करतात तशी केली. सगळं कळलं १ नोव्हेंबरला, म्हणजे शेवटच्या दिवशी. आता आपल्या बेळगावात १ नोव्हेंबर म्हणजे काय ते सांगायला नको. एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं काळ्या दिवसाची फेरी, शाळा बंद, रस्ते बंद, प्राचार्य फोन उचलेनात. रात्री टिळकवाडीत माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून मुलीनं एका विद्यापीठाला लिहिलं: माझ्याकडून अट मोडली आहे, माझा अर्ज कृपया नेहमीच्या फेरीत घ्यावा. त्यांनी घेतला. एजंटानं फी परत दिली नाही, हे वेगळं सांगत नाही.

तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक आई-बाबांना मी तो करार मराठीत, स्वतःच्या हातानं वहीत उतरवायला लावतो. लोक कुरकुरतात. "सर, एवढा वेळ कुठं आहे?" चार वर्षांची फी भरायला वेळ आहे, अर्धं पान लिहायला नाही! आणि माझ्या कॅलेंडरावर १ नोव्हेंबर नाहीच. माझी तारीख २५ ऑक्टोबर.

बाकीच्या, पटापट

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज, दोन्हीकडं एकाच वर्षी पदवीचा अर्ज करता येत नाही. अपवाद इतके थोडे की तुमचं पोर त्यात नाही असं धरून चाला. मुदत १५ ऑक्टोबर, तिथल्या संध्याकाळी सहाची, म्हणजे आपल्याकडं रात्री साडेदहा.

डिसेंबरात एक जागा मिळाली म्हणून बाकीचे अर्ज अर्धवट सोडू नका. ‘अर्ली डिसिजन’ असेल तर अर्थात सोडायचेच.

१ मेपर्यंत होकार एकालाच. दोन ठिकाणी डिपॉझिट भरून ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्यांच्या दोन्ही जागा जाऊ शकतात.

प्रवेश मिळाल्यावर सेकंड पीयूचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, अभ्यास सोडणारे दर वर्षी एक-दोन भेटतात. शेवटचे मार्क्स कार्ड मागवतात, बाळांनो.

पैशाची गोष्ट कुणी विचारतच नाही

एका प्रवेशाचा दुसरीकडं उपयोग होतो तो इथं. गंमत म्हणजे ही विद्यापीठं एके काळी खरोखर एकमेकांशी बोलत. १९५८ पासून आयव्ही लीगची, म्हणजे हार्वर्ड, येल, कोलंबिया अशा जुन्या विद्यापीठांच्या गटातली, विद्यापीठं आणि एमआयटी दर वर्षी एकत्र बसत. एकाहून जास्त ठिकाणी प्रवेश मिळालेल्या मुलांची यादी काढत आणि कुणाला किती आर्थिक मदत द्यायची ते सारखं करून घेत. १९९१ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं खटला भरला, आयव्हीवाल्यांनी ती पद्धत सोडली, एमआयटी मात्र कोर्टात लढलं. पण बघा, अशा बैठका लागायच्या म्हणजे तेच पोर दोघांनीही घेतलेलं असायचं.

आज दोन्हीकडं प्रवेश मिळाला आणि एकाची मदत जास्त असली, तर ते पत्र जोडून दुसऱ्याला नम्रपणे फेरविचार करायला सांगता येतं. काही विद्यापीठं ऐकतात. फाउंड्रीवाल्या गृहस्थांचं ‘घेणार असाल तर बोला’ इथं चाललं असतं. पण ते एप्रिलमध्ये, दोन्ही पत्रं हातात आल्यावर, आणि भाषा जरा मऊ ठेवून.