जुन्या पद्मिनीचा रंग बदलावा की नाही, हे कसे ठरवावे

घरात जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० असली आणि रंगकामाची वेळ आली, की मालकाच्या मनात हमखास एक विचार येतो: एवढा खर्च करायचाच आहे, तर या खेपेला रंगही बदलून टाकू. हा विचार गैर नाही. परंतु नवी छटा निवडण्याआधी आज गाडीवर असलेला रंग कारखान्याचा आहे की नंतरच्या एखाद्या गॅरेजचा, हे पाहायला हवे, आणि नेमके तेच राहून जाते. क्लच प्लेट, कार्ब्युरेटर, सीटचे कापड हे सारे पुन्हा मिळवता येते. प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात चढलेला रंग मात्र एकदा खरवडला की कोणत्याही किमतीला परत येत नाही.

पहिली पायरी: मूळ रंग शोधावा

आरसी बुकातील रंगाची नोंद हा पहिला पुरावा आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण रंग बदलूनही नोंद न बदललेल्या गाड्या कमी नाहीत. डिकीतील पुठ्ठा काढून आतला पत्रा पाहावा. दरवाजाच्या रबराखालची पट्टी, पायाखालच्या मॅटखालचा भाग आणि मागच्या नंबरप्लेटमागची जागा पाहावी. दुसऱ्यांदा रंग देणाऱ्याचा हात तिथे सहसा पोहोचलेला नसतो. त्यानंतर एखाद्या आडजागी नाण्याएवढा भाग बाराशे नंबरच्या वॉटर पेपरने, भरपूर पाणी लावून, हलक्या हाताने घासावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासून धूळ उडवू नये. घासलेल्या जागी रंगाचे थर एकात एक वर्तुळांसारखे उघडत जातात. वडिलांच्या १९८० सालच्या पद्मिनीवर मला वरच्या पांढऱ्याखाली फिकट निळा आणि त्याखाली राखाडी प्रायमर दिसला, आणि ज्या गाडीला आम्ही इतकी वर्षे पांढरी म्हणत होतो ती मुळात पांढरी नव्हतीच, हे त्या क्षणी कळले.

छपराच्या कडेला पिवळा आणि दरवाजाच्या खालच्या भागात काळा रंग सापडला, तर गाडी कधीकाळी टॅक्सी असावी. मुंबईतील शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. त्यामुळे असा थर सापडल्यास तो पुसण्याआधी निदान त्याची छायाचित्रे काढावीत.

या तपासणीनंतर अर्ध्याहून अधिक गाडीवर मूळ रंग शिल्लक असल्याचे दिसले, तर तो फिका पडलेला असो वा जागोजागी उडालेला, रंग बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हलके रबिंग, पॉलिश आणि उघड्या पत्र्यापुरता तोच रंग एवढ्यावर थांबावे. मूळ रंग आधीच गेलेला असेल, तरच पुढच्या पायऱ्यांचा विचार करावा.

दुसरी पायरी: पत्रा तपासावा

पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक गाडीभर फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे. दरवाजांखालचे उंबरठे, चाकांवरच्या कमानी आणि डिकीचा तळ इथे विशेष लक्ष द्यावे. फियाट ११०० च्या घराण्यातील गाड्यांना वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नसते, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून उंबरठा कुजला असेल तर पैसा आधी वेल्डिंगला द्यावा आणि रंगाचा प्रश्न पुढे ढकलावा.

तिसरी पायरी: कामाचा आवाका समजून घ्यावा

आहे तोच रंग द्यायचा असेल, तर आतले भाग बरेचसे आहेत तसे ठेवता येतात. रंग बदलायचा ठरला, की दरवाजांच्या चौकटी, बॉनेटची आतली बाजू, डिकीचे पोट आणि इंजिनाची खोली हे सारे नव्या रंगात यावे लागते, म्हणजे इंजिन उतरवणे, काचा काढणे, रबरे आणि क्रोमच्या पट्ट्या सोडवणे आलेच. हे टाळून फक्त बाहेरून रंग दिला, तर दरवाजा उघडताक्षणी जुना रंग दिसतो आणि पुढे गाडी विकताना पारखी ग्राहक नेमके तेच दाखवून भाव पाडतो. म्हणून एकाच गॅरेजकडून दोन अंदाजपत्रके मागावीत, एक त्याच रंगाचे आणि एक बदललेल्या रंगाचे, आणि दोन्हींत सुटे भाग काढून पुन्हा बसवण्याची मजुरी वेगळी लिहून घ्यावी.

आपल्याकडे गाडीच्या रंगाला सरसकट ‘ड्युको’ म्हणतात. ते मुळात ड्यूपाँट कंपनीने १९२३ मध्ये बाजारात आणलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचे नाव. आज बहुतेक ठिकाणी हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) मिसळलेला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंग वापरतात. त्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वसनमार्गाला घातक असते. ज्या गॅरेजात कारागीर तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणी करतात, तिथे गाडी देऊ नये. मुंबई-कोकणातील पावसाळी दमट हवेत रंगावर धुरकटपणा येऊ शकतो, त्यामुळे हे काम शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे.

चौथी पायरी: कागदपत्रे

रंगाची नोंद आरसीवर असल्याने तो बदलण्याआधी आरटीओकडे अर्ज करून मंजुरी घ्यावी आणि काम झाल्यावर नोंद बदलून घेऊन विमा कंपनीलाही कळवावे. हे राहिले, तर पुनर्नोंदणीच्या तपासणीत अडचण येते. ऑलिव्ह ग्रीन हा रंग केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखीव आहे, म्हणून जुन्या जीपच्या मालकांनीही तो मोह आवरावा. पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर २०२१ च्या नियमांत ती मूळ स्वरूपात जतन केलेली असावी अशी अट आहे. तेव्हा रंग बदलण्याआधीच याबाबत आरटीओचे म्हणणे लेखी घ्यावे.

पाचवी पायरी: रंग निवडावा आणि पारखावा

मूळ रंग गेलेला असला तरी पहिली पसंती त्याच रंगाला द्यावी. तो मनाला अजिबातच पटत नसेल, तर त्याच मॉडेलला त्या काळी कंपनी देत असलेल्या रंगांतून निवड करावी. आजच्या मेटॅलिक छटा त्या गाडीच्या साध्या, गोलसर पत्र्यावर परक्या वाटतात, आणि क्रोमचा बंपरही त्यांच्याशेजारी फिका पडतो. छोट्या शेडकार्डवरून कधीही ठरवू नये. भंगारातून एखादा जुना दरवाजा आणून त्यावर निवडलेला रंग मारून घ्यावा आणि तो सकाळच्या उन्हात, संध्याकाळी आणि ट्यूबलाइटखाली, गाडीच्या सीटच्या कापडाशेजारी धरून पाहावा. व्हिनाइल फिल्म चिकटवून रंग पाहण्याचा सल्ला काहीजण देतात, पण जुन्या, सुटू लागलेल्या रंगावरून ती काढताना खालचा थरही निघून येऊ शकतो.

दरवाजा निदान महिनाभर नजरेसमोर ठेवावा. तरीही मन त्याच रंगावर टिकले, तर काम द्यावे. आणि देताना डिकीतील पुठ्ठ्यामागे तळहाताएवढा मूळ रंगाचा भाग न रंगवता टेप लावून राखण्यास सांगावे, म्हणजे पुढे कोणाला गाडी पुन्हा मूळ रंगात न्यायची झाल्यास छटा जुळवायला नमुना हाताशी राहील.