उद्यानाच्या प्रवेशद्वाराचे स्थलचित्र काढताना या चुका टाळा

स्थलचित्र हे नुसते देखणे निसर्गचित्र नसते. जिथून ते काढले तिथे उभे राहून कोणालाही ताडून पाहता यावे, असा तो कागदावरचा पुरावा असतो. लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरला वास्तुविशारद डेसिमस बर्टन यांनी १८२०च्या दशकात उभारलेले, आयोनिक (माथ्यावर गुंडाळीसारखी नक्षी असलेल्या) स्तंभांचे आणि वाहनांसाठी तीन कमानी असलेले प्रवेशद्वार आहे. ज्या चित्रात त्याच्या अगदी समोर वेलिंग्टन कमान दिसते, ते चित्र १८८२-८३ पूर्वीची स्थिती दाखवते, कारण त्या सुमारास ती कमान तिथून हलवण्यात आली. चित्रकारांनी रचना साधण्यासाठी कमान सरकवली असती, तर ही साक्ष उरली नसती.

नागपुरात महाराजबागेसमोर किंवा अन्य उद्यानासमोर बसणारे विद्यार्थी बहुधा फाटकाच्या फार जवळ बसतात. मग कडेचे खांब ताणल्यासारखे दिसतात आणि चूक हाताची वाटते, पण ती जागेची असते. प्रवेशद्वाराच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर बसावे. मोबाइलच्या वाइड लेन्सने काढलेल्या फोटोवरून चित्र काढले, तरी हाच दोष येतो.

कमान तिरकी दिसत असताना तिचे टोक दोन खांबांच्या मधोमध मोजून ठेवणे, ही त्याहून चिवट चूक आहे. खांबांच्या उभ्या रेषा, पायथा आणि माथा यांनी होणाऱ्या चौकोनाचे कर्ण आखावेत. ते जिथे छेदतात, तिथून काढलेल्या उभ्या रेषेवरच टोक येते, आणि ते दूरच्या खांबाकडे झुकलेले असते. फाटक कलल्यासारखे वाटले, तर दोऱ्याला खडा बांधून गवंड्याच्या ओळंब्यासारखा डोळ्यांसमोर धरावा.

सपाट जमिनीवर उभे राहून काढताना आपल्याच उंचीच्या माणसांची डोकी, ती जवळ असोत वा दूर, क्षितिजरेषेवरच, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या उंचीच्या आडव्या रेषेवरच, येतात. हे चुकले की भव्य दार खेळण्यातले वाटते.

नागपूरच्या उन्हात सकाळी आठची सावली दहाला ओळखू येत नाही, म्हणून सावल्यांच्या कडा पहिल्या पंधरा मिनिटांत पेन्सिलीने बांधून घ्याव्यात. मे महिन्यात जलरंगाचा थर पसरवतानाच वाळून डाग पडतात; अशा वेळी कागद आधी ओला करावा.

आणि कागदामागे तारीख, वेळ, बसण्याची जागा व तोंड कोणत्या दिशेला होते, हे त्याच जागी लिहावे. घरी गेल्यावर आठवणीतून नव्हे.