जन्मदरावर प्रबंध करताय? आधी वयोगट बघा

एम.ए.ला धर्म, स्थलांतर नि जन्मदर असा विषय घेणाऱ्यांनो, घ्या, विषय भारीच आहे, पण मी जिथं पडले तिथं तुम्ही पडू नका. दोन वर्षं झाली तरी तो व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, आठवला की पोटात गोळा येतो.

मी इचलकरंजीतली बाहेरून आलेल्या यंत्रमाग कामगारांची एक वस्ती आणि पन्हाळ्याकडचं एक गाव घेतलं, हजार लोकांमागं जन्म मोजले, वस्तीत दुप्पट आले आणि बिनधास्त लिहून मोकळी झाले की बाहेरच्यांना पोरं जास्त होतात. साफ चूक. आता नीट बघा, समजा दोन्हीकडं हजार-हजार माणसं. वस्तीत 15 ते 49 वयाच्या बायका 300, जन्म 30. गावातली तरणी पोरं-पोरी पुण्याला गेलेली, तिथं तशा बायका 150 आणि जन्म 15. लोकांमागं मोजलं तर 30 नि 15, पण हजार बायकांमागं मोजा, दोन्हीकडं 100च! फरक वयाचा होता. त्यात परत पंचविशीतल्या किती, चाळिशीतल्या किती हेही बघावं लागतं, म्हणून पाच-पाच वर्षांचे गट पाडून एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील तो आकडा, काढायचा. हे मला बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी सांगितलं, गाईडनी न वाचताच सही केलेली. पानं लाल करून देणारा गाईड शोधा, गोड बोलणारा नको.

धर्माचंही तसंच. एनएफएचएसमधे, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 1992-93 ला मुस्लिमांचा हा दर 4.4 नि हिंदूंचा 3.3 होता, 2019-21 ला 2.36 नि 1.94. दोन्ही उतरले, अंतरही कमी झालं. इराणमधे तर इस्लामी राजवटीनंच 1989 नंतर कुटुंबनियोजन राबवलं आणि सहाच्या वरचा दर 2000 पर्यंत दोनच्या आसपास आला. त्यामुळं मुलींचं शिक्षण, गरिबी बाजूला न काढता नुसत्या धर्मावर बोट ठेवू नका. धोरणाचं म्हणाल तर रुमानियानं 1966 ला गर्भपात जवळजवळ बंद केला, दर वर्षभरात 1.9 वरून 3.7 वर गेला नि मग परत घसरत गेला, मधे चोरून गर्भपात करताना बायका जिवाला मुकल्या.

टेलिग्रामवरच्या तयार पीडीएफवर विसंबू नका, खरंच. आणि घाबरूही नका, माझं सहा महिन्यांत दुरुस्त झालं, तुमचंही होईल. जनगणनेच्या सी-14 तक्त्यात जिल्ह्याचे वयोगट मिळतात, एका वस्तीचे मिळत नाहीत, त्यासाठी दारोदार फिरावंच लागतं. दुपारी जा, तेव्हा बायका जरा निवांत असतात, आणि सोबत तिथली आशाताई असली की मोकळ्या बोलतात.