दुर्मिळ इंग्रजी आडनावाचं मूळ गाव कसं शोधावं

इंग्रजी आडनावाचा इतिहास हवा म्हटलं की कुणीतरी ढाल आणि सिंह छापलेलं ‘घराण्याचं मानचिन्ह’ विकत घ्यायला सुचवतं. घेऊ नका. इंग्लंडमध्ये मानचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. मानचिन्हं देणारी लंडनची संस्था, कॉलेज ऑफ आर्म्स, हे स्पष्टपणे सांगते. आडनावांच्या कोशातला अर्थ उतरवून थांबणंही तितकंच निरुपयोगी. माणसं नोंदवह्यांत सापडतात, आणि तिथे आजपासून मागे मागे जावं लागतं.

उदाहरणाला एन्टविसल (Entwistle) हे आडनाव घेऊ. इंग्लंडच्या वायव्येकडच्या लँकेशायर परगण्यात बोल्टन आणि डार्वेनच्या मधे या नावाचं छोटं गाव आजही आहे. जुन्या इंग्रजीत ओढ्यांच्या बेचक्याला ‘ट्विस्ला’ म्हणत, आणि जवळच्या ऑस्वॉल्डट्विसलचं नाव त्याच घडणीचं आहे.

आधी नकाशा. १८८१च्या जनगणनेची सूची फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट आहे. आडनावाची माणसं कुठे किती ते मोजा आणि लोकसंख्येशी प्रमाण काढा. नुसत्या आकड्यांत लंडन आणि मँचेस्टर नेहमी फुगलेली दिसतात, कारण तिथे सगळ्याच आडनावांची माणसं जास्त. प्रमाण काढलं की एन्टविसल बोल्टन, ब्लॅकबर्न, बरी, रॉचडेल या पट्ट्यात एकवटतात. आजच्या फोनबुकावरून हा नकाशा काढू नका.

मग १८३७पर्यंत मागे जा. १ जुलै १८३७पासून जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद आहे. ही नोंद ठेवणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनाव सुरुवातीपासून मिळतं, जुन्या छापील सूचीत ते १९११मध्ये येतं. तेव्हा ऑनलाइन सूचीच वापरा. १८५१ आणि पुढच्या जनगणनांत जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भागही दिलेला असतो.

खरी कसोटी १८३७च्या मागे लागते. मीही इथेच बराच काळ अडले होते. पॅरिश चर्चच्या नोंदवह्या १५३८च्या हुकुमापासून सुरू होतात, आणि नाव लिहिणारा पाद्री कानाला पडेल तसं लिहितो. एन्टविसल कधी शेवटच्या ‘टी’शिवाय येतं, कधी ‘डब्ल्यू’नंतर ‘एच’ घुसतो, कधी पहिल्या ‘ई’च्या जागी ‘ए’ किंवा ‘आय’ असतो. पहिलं अक्षर बदललं की साधा शोध आंधळा होतो. ध्वनीवरून नावं जुळवणारी साउंडेक्स पद्धतही पहिलं अक्षर जसंच्या तसं धरते, त्यामुळे तिच्या भरवशावर बसू नका. शक्य तितकी सगळी स्पेलिंगं कागदावर मांडा, अक्षरांच्या जागी तारका आणि प्रश्नचिन्ह टाकून शोधा, आणि शेवटी मूळ पानाचं छायाचित्र स्वतः वाचा. सतराव्या शतकातली मोठी अक्षरं नक्कल करणाऱ्यांना हमखास चकवतात.

स्पेलिंगवरून घराणी वेगळी करणाऱ्यांचं तर मुळीच ऐकू नका. ‘आम्ही एच नसलेले, ते वेगळे’ हे अभिमानाने सांगितलं जातं, पण विवाहाच्या नोंदीवर सहीऐवजी फुली मारणाऱ्या पणजोबांना स्पेलिंगबद्दल काही म्हणायचं नव्हतं. उलट चूकही तितकीच वाईट: जवळचं दिसणारं प्रत्येक नाव आपल्यात ओढणं. माझा नियम कडक आहे. तेच जोडपं, त्याच वस्तीत, त्याच धंद्यासह दोन्ही स्पेलिंगांत सापडलं तरच ती दोन स्पेलिंगं एक. नाहीतर ती वेगळ्या यादीत राहतील.

त्याच जागी आणखी दोन सापळे आहेत. १७५२च्या आधी इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून एप्रिल १७२०मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७२०मध्ये बाप्तिस्मा दिसला तर मूल लग्नाआधीचं नाही, ते दहा महिन्यांनंतरचं आहे. तारीख १७२०/२१ अशी लिहा. आणि जॉन एन्टविसलचा बाप्तिस्मा मिळाला म्हणून त्याला थेट पुढच्या जॉनशी जोडू नका. आधी दफनाची नोंद पाहा. मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची रीत होती, आणि दोन वर्षांच्या वयात गेलेल्या पोराच्या नावावर इंटरनेटवर कितीतरी वंशवृक्ष उभे आहेत. हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. बाप्तिस्मा मिळालाच नाही तर चर्चपासून फुटलेल्या पंथांच्या चॅपलच्या वह्या पाहा. या भागासाठी लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्सचं फुकट संकेतस्थळ अमोल आहे.

मूळ गावाबद्दल मराठी माणसाला फार समजवावं लागत नाही. साताऱ्यात कुणी सातारकर म्हणवत नाही. गाव सोडल्यावर ते नाव चिकटतं. म्हणून जुन्या कागदांत ‘एन्टविसलचा अमुक’ शोधताना गावाच्या बाहेर, शेजारच्या पॅरिशांत पाहा. १३७९चा पोल टॅक्स (माणशी कर) आणि १६६२पासूनचा चुलीवरचा कर इथे उपयोगी पडतो. मात्र एकाच गावातून असंबंधित दोन घरंही बाहेर पडू शकतात. त्यासाठी बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय-गुणसूत्राची चाचणी आहे. २००९मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावं तपासली, तेव्हा ॲटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावांच्या बहुतेक पुरुषांचा पूर्वज एकच निघाला. स्मिथमध्ये तसं दिसलं नाही.

प्रसार शोधताना पोटापाण्याच्या वाटा धरा. १६६२च्या सेटलमेंट कायद्यामुळे गरिबांना मूळ पॅरिशला परत धाडण्याचे हुकूम निघत, आणि त्यांत कुटुंब कुठून आलं ते लिहिलेलं असतं. पुढे कापड गिरण्यांनी लँकेशायरची माणसं मॅसॅच्युसेट्सच्या फॉल रिव्हरला नेली. मुंबईच्या गिरण्यांतही लँकेशायरचे जाणकार येत. हरवलेली शाखा इकडे आली असेल असं वाटलं तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सची एन/३ ही मालिका मागवा: मुंबई इलाख्यातल्या चर्चचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं तिच्यात आहेत. शोधताना तीच स्पेलिंगांची यादी हाताशी ठेवा. इथल्या कारकुनांनीही नाव कानानेच लिहिलेलं असू शकतं.