पाल चुकचुकली ती सीपीयूच्या डब्यात: जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क बदलायची तयारी

गेल्या आठवड्यात अण्णांचा फोन आला, टेबलामागे पाल शिरलीय, सारखी चुकचुकतेय, येऊन हाकल. नाशिकला सिडकोत घरी गेलो, टेबल सरकवलं, पाल कुठेच नाही. आवाज सीपीयूच्या डब्यातून येत होता. टक्, टक् टक्, मग दोन सेकंद शांत, तेवढ्यात स्क्रीनवर सगळं गोठलेलं आणि ते चक्र गोल गोल फिरतंय. अण्णा म्हणे महिनाभर आहे हे, मला वाटलं पालच. शंकेची पाल म्हणतात ती हीच बहुतेक.

मशीन २०११ च्या डिसेंबरचं. सेकंड जनरेशन आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ चा मदरबोर्ड, ५०० जीबीची डिस्क. तेव्हा खरं तर १ टीबी घ्यायची होती पण त्याच वर्षी थायलंडमध्ये पूर येऊन हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि भाव इतके चढले की अण्णा म्हणाले पाचशेच पुरे. पुरलीही, चौदा वर्षं. आता येत्या रविवारी बदलायचीय म्हणून यादी काढायला बसलो आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की डिस्क काढून बसवणं हे जेमतेम अर्ध्या तासाचं काम आहे, बाकी सगळी तयारी आतला माल बाहेर काढायची आहे. कुणाचं मशीन असंच टकटकत असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं काम, मशीन चालू असतानाच एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून मोबाईलवर फोटो काढायचा. त्यात चार ओळी बघा, ०५, सी५, सी६ आणि सी७. ०५ म्हणजे डिस्कने खराब सेक्टर (माहिती साठवायचे छोटे कप्पे) बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले ते, सी५ म्हणजे वाचता येईनात म्हणून लटकून पडलेले, सी६ म्हणजे आशा सोडलेले, सी७ म्हणजे केबलवरून माहिती जाता-येता झालेल्या चुका. आमच्याकडे सी५ च्या पुढे ३८ होतं, पण तिथले आकडे हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या हिशेबात) असतात, म्हणजे खरे ५६. फक्त सी७ च वाढत असेल आणि बाकी तिन्ही शून्य असतील तर आधी साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) बदलून बघा, शंभर-दीडशे रुपयांत काम होऊन जाईल, डिस्क बिचारी निर्दोष असते. आमच्या केसमध्ये तो दिलासा नव्हता.

फोटो काढला की शटडाऊन करा आणि रविवारपर्यंत बटणाला हात लावू नका. अण्णांना हे पटवणं हेच सगळ्यात अवघड गेलं, सोसायटीची नोटीस टाईप करायची होती. मरायला टेकलेल्या डिस्कमध्ये अजून किती वाचन शिल्लक आहे कुणाला माहीत, ते नोटिशीवर कशाला घालवायचं. आणि चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करायचं टूल) चालवू नका, डीफ्रॅग (फाईलींचे तुकडे नीट लावणारं) तर नाहीच. हे मी अक्कल म्हणून नाही सांगत, स्वतः करून बसलोय. २०१९ साली माझ्या लॅपटॉपची डिस्क अडखळायला लागली तेव्हा आधी रिपेअर करू मग कॉपी करू म्हणून रात्रभर चेकडिस्क लावून झोपलो, सकाळी डिस्क दिसायचीच बंद झाली. आधी कॉपी, रिपेअर नंतर, आणि खरं तर रिपेअर नकोच. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला देणाराही एक जण भेटेल, त्याला चहा पाजून घरी पाठवा. डिस्क फिरतच नसेल किंवा नुसतीच टकटक करून ओळखूच येत नसेल तर हे सगळं वाचायची गरज नाही, बंद करून थेट क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची, टेबलावर झाकण उघडून बघणाऱ्याकडे तर अजिबात नाही.

आता काय काय वाचवायचं याचा क्रम कागदावर लिहा, कॉम्प्युटरसमोर बसून नाही, घरच्यांना विचारून. डिस्क मधेच राम म्हणाली तर निदान वरचे दोन-तीन हाती लागले पाहिजेत. आमच्याकडे पहिल्या नंबरला २०१५ च्या सिंहस्थाचे फोटो, रामकुंडावरचे, आजी होती तेव्हा, त्याची दुसरी कॉपी कुठेही नाही. दुसऱ्या नंबरला सोसायटीचे हिशेब. तिसऱ्याला अण्णांचं सगळं डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईसाठी मजकूर लावायचं काम). पिक्चर आणि गाणी यादीतच नकोत. डेस्कटॉप आणि डी ड्राइव्ह सगळ्यांना आठवतं, पण डाऊनलोड्स, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, आऊटलुकची पीएसटी फाईल (सगळे मेल हिच्यातच असतात) आणि टॅलीचा डेटा फोल्डर हे मागे राहतात, ते आधी लिहून ठेवा.

डीटीपीवर जरा थांबतो कारण नाशकात काय कुठेही, मराठी टायपिंग करणाऱ्या प्रत्येक जुन्या मशीनमध्ये हा खड्डा आहे. अण्णा वीस वर्षं घरी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं लावायचे, पेजमेकर आणि कोरल, आणि फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. त्या फाईलींमध्ये मराठी अक्षरं नसतातच मुळी, इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फाईल वाचली आणि फॉन्ट गेला तर "चि. सौ. कां." च्या जागी कंस, टक्केवारी आणि डॉलरची रांगोळी दिसते. त्यामुळे विंडोजमधला फॉन्ट्सचा पूर्ण फोल्डर कॉपीच्या यादीत वर हवा. त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (मशीनला लावायची लायसन्सची किल्ली) कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते शोधून ठेवा, सीडी आणि सीरियल नंबर आहेत का बघा. आमचा डोंगल मिळाला, शिवणाच्या डब्यात. सीडी नाही मिळाली, आणि त्या एका गोष्टीवरून पुढचं सगळं ठरलं.

म्हणजे असं की नव्या डिस्कवर कोरं विंडोज टाकायचं की जुन्याची हुबेहूब कॉपी करायची. सीडी असत्या तर कोरंच टाकलं असतं. पण सीडी नाहीत आणि पेजमेकर याच विंडोज ७ वर चालतंय म्हणून क्लोन. विंडोज ७ चा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, त्यामुळे नवीन डिस्क लागली की नेटची केबल काढून टाकायची असं ठरलंय, बँकेचं काम अण्णा मोबाईलवर करतात. विंडोज १० चाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला गेला, आणि ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसतच नाही. फक्त ब्राउझर आणि यूट्यूब लागत असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाका आणि सुखी व्हा.

नवीन डिस्क घेताना एसएसडीच (फिरता भाग नसलेली, चिपवाली डिस्क) घ्या, पण आकडा बघून. मी ४८० जीबीची जवळजवळ घेतलीच होती, एमजी रोडच्या दुकानात पैसे काढता काढता डोक्यात आलं की जुनी ५०० ची आहे, अख्खी डिस्क सेक्टरला सेक्टर उतरवायची तर नवी तेवढीच किंवा मोठी हवी, ४८० मध्ये शेवटचा तुकडा मावणारच नाही. ५१२ वाली घेतली. (जुनी विंडोजमध्ये ४६५ दिसते म्हणून फसू नका, ते नुसतं मोजायच्या पद्धतीचं आहे.) महागडी फास्ट एसएसडी घेऊ नका, एच-६१ च्या साटा पोर्टचा वेग ३ जीबीपीएसच आहे, वरचे पैसे वाया. आणि एम.२ वाली (थेट बोर्डावर खोचायची पट्टी) तर बघूही नका, या बोर्डावर ती खाचच नाही.

दुकानातून त्याच फेरीत आणायच्या बाकीच्या वस्तू: साडेतीन इंचाच्या खणात अडीच इंचाची एसएसडी बसवायचं ब्रॅकेट, नवीन साटा केबल, बोर्डावरचा सीआर-२०३२ चा सेल. आणि स्क्रू. जुन्या हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू एसएसडीला लागत नाहीत, तिला एम-३ चे बारीक लागतात, जुने जबरदस्तीने पिळले की आटे गेलेच. एसएमपीएसला (डब्यातला वीज पुरवणारा खोका) साटा पॉवरची वायर मोकळी आहे का तेही झाकण उघडून आधीच बघा. नसेल तर चार पिनच्या जुन्या कनेक्टरवरून कन्व्हर्टर लागतो, पण ज्याचं प्लास्टिक वायरींवर एकसंध ओतलेलं असतं तो घेऊ नका, ते आतून शॉर्ट होऊन जळतात.

सेल बदलायच्या आधी बायोसच्या (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या) प्रत्येक पानाचा फोटो काढा, विशेषतः साटा मोड, म्हणजे बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत, आयडीई आहे की एएचसीआय. सेल काढला की सेटिंग पुसलं जातं, मोड बदलला जातो, विंडोज ७ निळा स्क्रीन देतं आणि आपण उगाच नव्या डिस्कला शिव्या घालतो.

कॉपीसाठी डीडीरेस्क्यू, लिनक्सवरचं खराब डिस्कमधून माल काढायचं सॉफ्टवेअर. एका पेन ड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स (पेन ड्राइव्हवरूनच चालणारं) तयार करा, म्हणजे जुन्या डिस्कवरून विंडोज चालू करायची वेळच येणार नाही, आणि तो दुसऱ्या मशीनवर बूट होतो का ते आधी बघा. मग त्याच लिनक्समधून वाचवायच्या यादीतले वरचे दोन-तीन फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि नंतरच अख्ख्या डिस्कचा क्लोन लावा. डीडीरेस्क्यूची गंमत अशी की जिथे अडतं तिथे डोकं आपटत बसत नाही, तो भाग सोडून पुढचा सगळा धडधाकट माल आधी उचलतं आणि मग उरलेल्यासाठी मागे येतं. कुठपर्यंत आलं ते मॅपफाईलमध्ये लिहिलं जातं, त्यामुळे लाइट गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं, पण मॅपफाईल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवा, लाइव्ह लिनक्सच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली तर मशीन बंद होताच ती पण गायब. आणि एक पिवळी चिठ्ठी, तिच्यावर जुन्या आणि नव्या डिस्कचे सीरियल नंबर मोठ्या अक्षरात, "कुठून" आणि "कुठे". या दोघांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क जुन्यावर उतरेल आणि मग सिंहस्थ गेला.

वेळेचा अंदाज घ्या. बाहेरची डिस्क यूएसबी २ ला लावली तर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे ३०० जीबीला तीन तास, तेही डिस्क शहाण्यासारखी वागली तर. क्लोन मात्र दोन्ही डिस्क बोर्डाच्या साटा पोर्टला लावूनच करा. यूपीएसची बॅटरी आदल्या दिवशी प्लग काढून तपासा, आमची चाळीस सेकंदात बसली, शेजारच्यांचा इन्व्हर्टर सांगून ठेवलाय. छोटा टेबल फॅन उघड्या डब्याकडे तोंड करून ठेवा, डिस्क पन्नास अंशाच्या वर जायला नको. आणि कॉपी लावून लगेच मिसळ खायला पळू नका, पहिला अर्धा तास समोर बसा, आवाज ऐका, नंतर जा.

उरलेलं किरकोळ: स्टारचा स्क्रू ड्रायव्हर, जरा चुंबक असलेला. स्क्रूसाठी वाटी. केबली काढायच्या आधी आतला फोटो. धूळ बाल्कनीत ब्रशने, तोंडाला रुमाल बांधून. थंडीत नाशकातली हवा कोरडी असते, स्वेटर काढून ठेवा आणि डिस्कला हात लावायच्या आधी एसएमपीएसच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज डिस्कमध्ये जाणार नाही.

जुनी डिस्क निदान महिनाभर कपाटात, वर तारीख लिहून. भंगारवाल्याला अशीच द्यायची नाही, वॉरंटीत असेल तर परत करताना आतले कागदपत्र आठवा. आमचीला ड्रिलने भोक पाडणार, अण्णांना त्यात आत्तापासूनच रस आलाय.

रविवारी झालं असं म्हणायच्या आधी तीन फाईली उघडायच्या, त्याही आत्ताच ठरवून ठेवल्यात. रामकुंडावरचा आजीचा फोटो, पूर्ण मोठा करून, कारण अर्धा करडा निघालेला फोटो लहान आकारात कळत नाही. हिशेबाच्या फाईलचं सगळ्यात जुनं पान. आणि अण्णांनी निवडलेली २००९ मधली एक लग्नपत्रिका, तिची प्रिंट काढून.